सागवानी वाण

मोताळ्यातल्या आमच्या शेजारणीचा नवरा सुतार होता. तो गेल्यावर तिनेच रंधा हाती घेतला. उरल्यासुरल्या सागवानाच्या ती लहान डब्या करते. झाकण कानाशी धरून उघडते, मिटते, आवाज पटला की स्वतःशीच म्हणते, "जमलं."

यंदा संक्रांतीला वाण म्हणून तिने त्याच डब्या ठेवल्या. विधवेच्या घरी हळदीकुंकवाला कोण जाणार, याची मला धास्ती होती. आधी दोघी-तिघी गेल्या, मग सगळी गल्ली गेली. तेवढ्यात ती स्वतः माझ्या विधवा सासूबाईंना बोलवायला आली.

"मले काऊन बोलावून राह्यली, बाई?" सासूबाई म्हणाल्या.

"मी बी तं तुमच्यासारखीच, काकू. चला."

सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मला म्हणाल्या, "चाल, उशीर होऊन राह्यला."