ज्याचं दुकान बंद, त्याचा सण

आमच्या घरी नाताळानंतर दोन गोष्टी साठतात: लोकांचे डबे आणि लोकांचे किस्से. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे डबे परत जाता जाता संक्रांत उजाडते. किस्से तर परत करताच येत नाहीत. ते घरातच राहतात आणि दरवर्षी थोडे फुगतात.

आम्ही नोकरीपायी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला आलो. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. सुनंदा, माझी बायको, कॉन्व्हेंटमध्ये शिकवायची. आमच्या भागात इंग्रजी माध्यमाची कुठलीही शाळा ही कॉन्व्हेंटच. हिच्या कॉन्व्हेंटचे मालक खत-बियाण्यांचे दुकानदार होते आणि शाळेत गणपतीही बसायचा. आम्ही दोघं बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. म्हणजे नाताळाशी आमचा संबंध काय तो सुट्टीपुरता. तरी आर्णीतला नाताळ वर्षानुवर्षं आमच्याच अंगणात झाला.

यंदा पोळ्याच्या सुमारास सुनंदा गेली. हे किस्से तीच सांगायची, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. आता मलाच सांगावे लागतात. यंदाचा पंचवीस डिसेंबर कसा काढायचा, हा घोर मला दिवाळीपासूनच लागला होता. लोक आले तर काय करायचं, याची भीती होती. नाही आले तर, याची जरा जास्त. पण ते शेवटी.

*

सुरुवात रहीमभाईंनी केली.

बाकी शाळांना नाताळाची एक दिवस सुट्टी, कॉन्व्हेंटला आठवडाभर. मीही उरलेल्या सीएल त्याच आठवड्यात टाकायचो, कारण वर्ष संपलं की त्या बुडतात. आर्णीला आलो त्या पहिल्या वर्षीचा बेत साधा होता. अंगणात उन्हात दोन खुर्च्या, संत्र्यांची टोपली, आणि कोणाशी फारसं बोलायचं नाही.

पंचवीस तारखेला सकाळीच रहीमभाई फाटकात. कोपऱ्यावर त्यांचं मोटरसायकलचं गॅरेज. त्यांची मुलगी सुनंदाच्या वर्गात होती. एरवी ग्रीसने माखलेला माणूस त्या दिवशी कडक इस्त्रीच्या कुर्त्यात, हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, मुबारक."

सुनंदाने त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं, की हा आमचा सण नाही. रहीमभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ईदले मी गॅरेज बंद ठेवतो, म्हणून ईद माही. दिवाळीले शेठ लोकं दुकान बंद ठेवते, दिवाळी त्यायची. आता नाताळाले आठ दिवस दुकान बंद कोनाचं हाय, तुम्हीच सांगा."

सुनंदाने पुडा घेतला आणि चहा ठेवला.

संध्याकाळी रहीमभाई परत आले, ते एक चांदणी घेऊन. सायकलच्या स्पोकचा सांगाडा, त्यावर मोटरसायकलच्या मागच्या दिव्यांची लाल काचपट्टी कापून लावलेली, आत बल्ब. फाटकावर ती लागली तेव्हा अंगणात ब्रेक मारल्यासारखा लाल उजेड पडला. पुढे दरवर्षी पडत राहिला.

*

दुसऱ्या वर्षापासून खेड्यापाड्यांतले पालक यायला लागले. कॉन्व्हेंटच्या मॅडमकडे नाताळ असतो, ही बातमी शाळेच्या ऑटोवाल्यांनी पोचवली होती. कुणी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचं, कुणी गूळ, कुणी संत्री. आता एवढ्या लोकांना द्यायचं काय? सुनंदाने केक करायचा ठरवला. आमच्याकडे लहानसा ओव्हन होता. केक आत गेला आणि लाइन गेली. तास झाला, दीड तास झाला, लाइन यायचं नाव नाही.

शेजारच्या कांताकाकूंनी त्याच दिवशी परसात रोडगे लावले होते. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजत होते आणि काकू राखेत काठी घालून बसल्या होत्या. सुनंदाचा चेहरा बघून त्या कुंपणावरून म्हणाल्या, "आण इकडं तुहा रोडगा."

केकचं भांडं झाकण लावून आरात गेलं. केक फुगला, वरून जरा करपला आणि त्याला गोवरीच्या धुराचा खमंग वास लागला. सुनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांनी मात्र बोटं चाटली.

पुढच्या वर्षी लाइन होती. ओव्हनमधला केक नीट फुगला, करपला नाही, धूरबीर काही नाही. महागावकडून आलेल्या एका पालकाने पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि फार हळू आवाजात, कोणी ऐकू नये अशा बेताने सुनंदाला विचारलं, "मॅडम, यंदा घरी नाही केला काय?"

*

एका वर्षी सुनंदाने मला सांताक्लॉज केलं. कॉन्व्हेंटचं गॅदरिंग होतं. लाल झगा शिंप्याने शिवून दिला. दाढीला कापूस हवा होता, आणि आमच्या तालुक्यात कापूस विकत कोण घेणार? बोथबोडनच्या बाजूच्या एका शेतातून गाठोडंभर आला. वेचणीचा ताजा, सरकीसकट. सुनंदाने रात्री बसून सरकी काढली, तरी थोडी राहिलीच. मी मान हलवली की दाढीतून एखादी सरकी टपकायची.

मी स्टेजवरून खाली उतरलो, पोरांना चॉकलेटं वाटू लागलो. पहिल्या रांगेत याडी बसली होती. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. जवळच्या तांड्यावरची ही म्हातारी कॉन्व्हेंटमध्ये नातवाला सोडायला यायची आणि साऱ्या शाळेची याडी झाली होती. तिने मला हाताने थांबवलं. वाटलं, नमस्कार करते. तिने माझ्या दाढीचा एक पुंजका उपटला, दोन बोटांत धरून ताणला, चोळला.

"धागा लांब हाय," ती म्हणाली. "पण दाढी ओली हाय, मास्तर. भाव पडीन."

झालं. मागच्या रांगेतले दोघं उठून आले आणि त्यांनीही पुंजके घेतले. ओलावा किती, यावर वाद सुरू झाला. एक म्हणाला पहिल्या वेचणीचा, दुसरा म्हणाला शक्यच नाही. मी स्टेजवर परत गेलो तेव्हा हनुवटीला फक्त दोरा उरला होता. मालकांनी माइकवरून जाहीर केलं, "सांताक्लॉजचे आभार. पालकांनी कृपया कापूस परत करावा."

*

नाताळाचा व्याप इतका वाढला, की सुट्टीत आराम म्हणून काही राहिलाच नाही. एका वर्षी मी बंड केलं. चोवीसच्या रात्रीच यवतमाळला भावाकडे जायचं, कुणाला सांगायचं नाही, झोप काढायची. सुनंदा कुरकुरत आली. पंचवीसला दुपारपर्यंत ती भावाच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. शेवटी तीनच्या एसटीने आम्ही परत निघालो.

गल्लीच्या तोंडाशीच शेंगांचा वास आला. फाटक उघडं, अंगणात सतरंज्या, कांताकाकूंच्या परसातून धूर. रहीमभाई स्टुलावर चढून चांदणीचा बल्ब बदलत होते. कुलूप फक्त दाराला होतं, अंगणाला नव्हतं. तिथे नाताळ जोरात चालू होता.

हातात बॅगा घेऊन आम्ही फाटकात उभे राहिलो. मारेगावकडचा म्हणून कोणी एक उंच, पागोटंवाला गृहस्थ होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, त्यानेही मला. तो लगबगीने उठला, माझ्या हातातली बॅग घेतली, मला सतरंजीवर जागा करून दिली आणि तांब्याभर पाणी आणलं.

"बसा ना," तो म्हणाला. "लाजू नका. आपलंच घर समजा."

*

आणि एकदा खरोखरचे ख्रिस्ती पाहुणे आले.

बँकेत केरळचे एक अधिकारी बदलून आले होते. बायको आणि लहान मुलगी. आर्णीत त्यांच्या ओळखीचं कोणी नाही. फाटकावरची चांदणी त्यांनी येता-जाता पाहिली, बँकेत चौकशी केली आणि पंचवीसला तिघं नवे कपडे घालून आमच्याकडे आले. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर घर सापडल्याचा आनंद होता. मी सुनंदाकडे पाहिलं.

सुनंदाने त्यांना हॉलमध्ये नेलं. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. अधिकारी जरा थांबले. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता तुम्ही आला आहात, तर प्रार्थना तुम्हीच सांगा. इतकी वर्षं आमचा नाताळ प्रार्थनेवाचूनच चालला आहे."

त्यांनी अंगणात उभं राहून आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांनी हात जोडले होते. शेवटी ते आमेन म्हणाले, रहीमभाई मोठ्याने आमीन म्हणाले आणि कांताकाकूंनी राखेतून केक काढला. ती लहान मुलगी याडीच्या मांडीवर बसून शेंगा सोलत राहिली. जाताना त्या मुलीच्या आईचे डोळे भरून आले होते.

ते गेल्यावर रहीमभाई मला बाजूला घेऊन गेले.

"मानसं लय चांगली हायत, सर. पण त्यायले नाताळाची तेवढी माहिती नाही दिसत. रिकाम्या हातानं आलते. शेंगा बी नाही आनल्या."

*

मी सुनंदाला नेहमी म्हणायचो, गल्लीतल्या लोकांना ठाऊक आहे, पण खेड्यांतून येणाऱ्यांना तरी एकदा खरं सांगून टाक. ते बिचारे तुझा सण समजून इतक्या लांबून येतात. ती म्हणायची, "माझं मी बघते."

आमच्याकडे रीत आहे. घरात कोणी गेलं, की त्या घरचा पहिला सण सुना असतो. चुलीवर कढई चढत नाही. मग शेजारपाजारचे, नातलग ताटं झाकून घेऊन येतात आणि घरच्यांना घास भरवतात. यंदा दिवाळीला यवतमाळहून भाऊ आला, गल्लीतूनही ताटं आली. खेड्यांतून मात्र कोणी आलं नाही. मी मनाची समजूत घातली. ती माणसं सुनंदाची होती. माझी आणि त्यांची ओळख अशी कुठे होती? निम्म्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

डिसेंबरात सवयीने सीएल टाकल्या. मुलगी पुण्याला बोलावत होती, तिला नाही म्हटलं. रहीमभाईंना सांगितलं, यंदा काही नको. ते बरं म्हणाले. चांदणी माळ्यावरच राहिली.

पंचवीसला सकाळी फाटकाची कडी लावली, अंगणात उन्हात खुर्ची टाकली. समोर संत्र्यांची टोपली. पहिल्या वर्षीचा बेत इतक्या वर्षांनी जमला होता. पेपर दोनदा वाचला. कोणी आलं नाही. दुपारी जेवलो, परत येऊन बसलो. कांताकाकूंच्या परसातही सामसूम.

ऊन कलल्यावर कडी वाजली.

याडी होती. तिच्यामागे रहीमभाई, कांताकाकू आणि बरीच माणसं. काही चेहरे ओळखीचे, पुष्कळसे नाहीत. कुणी हॅपी म्हणालं नाही, मुबारक म्हणालं नाही. सगळ्यांच्या हातात झाकलेली ताटं होती. सगळी माणसं येऊन अंगणात भुईवर बसली. मारेगावकडचे ते उंच पागोटंवाले गृहस्थ आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्यांना आमच्या स्वयंपाकघरात तांब्या कुठे असतो ते माहीत होतं.

याडीने ताटावरचं फडकं काढलं. गुळाची लापशी होती.

"दिवाळीले नाही आलो, मास्तर," ती म्हणाली. "तुमचा पयला सण आज हाय ना."

तिने घास पुढे केला. मी घास घेण्याआधी म्हणालो, की याडी, एक सांगायचं राहून गेलं आहे. हा सण आमचा नाही. कधीच नव्हता.

"थे मालूम हाय," याडी म्हणाली. "मॅडमनं पयल्याच वर्षी सांगतलं. जो येईन त्याले सांगे."

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माना डोलावत होते.

"मग इतकी वर्षं तुम्ही सगळे कशाला येत होता?"

"मंग काय कराव? आर्नीत या सनाले दुसरं कोनी हाय काय? मॅडमनं संभाळला, आमी मॅडमले साथ देल्ली. सण काय असा रस्त्यावर सोडाव?" तिचा घास धरलेला हात तसाच होता. "आता खा. हात दुखून राह्यला माहा."

मी खाल्लं. मग कांताकाकूंनी भरवलं, मग त्या उंच गृहस्थांनी. रहीमभाईंनी माळ्याकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तसे ते स्टूल शोधायला आत गेले. परसातून गोवऱ्यांचा धूर यायला लागला. कोणीतरी शेंगांचं गाठोडं सोडलं आणि अंगणात एकदम बोलणी सुरू झाली.

फाटकावर लाल उजेड पडला. याडी माझ्या समोरच बसून होती. पोळ्यापासून मी नियमित दाढी केलेली नाही, पांढरे खुंट चांगले वाढले आहेत. तिने हात पुढे केला, माझ्या गालावरून फिरवला आणि दोन बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"यंदा बी ओलीच हाय, मास्तर," ती म्हणाली. "भाव पडीन."