वजनकाट्यावरचं घड्याळ

ती दुपार अजून मनातून जात नाही. घरीही कधी बोललो नाही. आता निवृत्त झालोय, सांगून टाकतो.

मी उरणच्या बाजूला फौजदार होतो. एका बंद घरातून दागिने गेले. शेजारणीने साडेबाराला कुलूप तोडल्याचा आवाज ऐकला होता. ठाण्यात निनावी फोन आला, घरासमोर अमक्या ड्रायव्हरचा ट्रक उभा होता. त्याला उचलून आणलं.

"साडेबाराला मी बंदराच्या गेटवर व्हतो, साहेब."

गेटपासवर सुटल्याची वेळ बारा चाळीस होती, पण रखवालदाराने पेनाने लिहिलेली. बंदरातून निघाल्यावर ट्रक तोलतात त्या वजनकाट्याची पावती कॉम्प्युटरची. तिच्यावर अकरा पन्नास, म्हणजे साडेबाराच्या बऱ्याच आधी तो बंदराबाहेर.

"पेनाने काहीही लिहिता येतं. मशीन कशाला खोटं बोलेल?" म्हणत मी त्याच्या कानाखाली वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात न्यायचं होतं. चोरीचा गुन्हा लागला की बंदराचा पास रद्द, म्हणजे ट्रकचा धंदा बुडाला. सकाळीच त्याची बायको आली. हातात तारेत ओवलेल्या काट्याच्या जुन्या पावत्या.

"वाचा, साहेब. रोज एकाच टायमाला निंगतो. आठ दिसांमागं काट्यावर एक वाजता, मंग बारा पन्नास, मंग बारा चाळीस. रोज धा मिन्टं आदी. ट्रकला पंख फुटलं काय?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही.

तडक काट्यावर गेलो. मोबाईल स्क्रीनशेजारी धरला. कॉम्प्युटर दीड तास मागे.

"घरी जाताना मेन स्विच बंद करतो, साहेब," ऑपरेटर म्हणाला. "तारीख बरोबर असते की!"

मेकॅनिकने मशीन उघडलं. आतला बटणाएवढा सेल संपत आला होता. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, ते रोज रात्री मागे पडत होतं. सेल बदलून वेळ लावली. दुसऱ्या सकाळी मिनिटाचाही फरक नव्हता.

ड्रायव्हरला मात्र मी काट्यावरून परतलो त्याच दुपारी, कोर्टात न नेता सोडलं होतं. पुढे दागिने सापडले ते फोन करणाऱ्याच्याच घरात.

डायरीत मी लिहिलं, 'चौकशीअंती सोडले.' कानाखाली वाजवल्याचं लिहिलं नाही. छापील वेळ हाही एक जबाबच असतो, तोही तपासायचा असतो, हे मी त्या माणसाच्या गालावर शिकलो. निवृत्तीनंतर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा पुढे केला.

आता बाजारात भेटला की लांबूनच ओरडतो, "साहेब, किती वाजले?"

मी हातातल्या घड्याळाकडे बघत नाही. म्हणतो, "तू सांग."