बडनेऱ्याच्या सिग्नलला बंद पडणारी गाडी

आजीने आता गाडी चालवणं सोडावं, असं घरात ठरत आलं होतं, हे तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलं असेलच. ते का ठरत होतं आणि मग का राहून गेलं, हे मी नीट लिहून ठेवते. आजोबांकडून ऐकलंत तर त्यात माझ्या क्लचबद्दल पुष्कळ असेल आणि खऱ्या कारणाबद्दल काहीच नसेल.

ही लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार तुमच्या बाबांनी लग्नाआधी पुण्यात हौसेने सेकंडहँड घेतली आणि परदेशी जाताना अमरावतीला आमच्या दारात ठेवून दिली. तिच्यात शिरायचं म्हणजे आधी पाटावर बसल्यासारखं खाली जायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. आजोबांच्या बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आणि त्याच वर्षी आमची मोठी गाडी मोडीत निघाली. तेव्हापासून दर रविवारी या गाडीतून मी त्यांना अकोल्याला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे नेते. ताई आता घराबाहेर पडू शकत नाहीत. दोघं भावंडं जेवतात, जुन्या गोष्टींवरून भांडतात, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही परत येतो. एखादा रविवार चुकला की आजोबा बुधवारपर्यंत कोणाशी धड बोलत नाहीत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी बडनेऱ्याच्या सिग्नलला मी गाडी न्यूट्रल केली आणि ती थरथरायला लागली. आरपीएमचा काटा वर जायचा, खाली यायचा, आरसा हलायचा, आणि हिरवा दिवा लागायच्या आत इंजिन बंद. पुन्हा चालू केलं तर पुढे मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, कुठेही तक्रार नाही. ऐंशीच्या वेगाला गाडी अगदी गुळगुळीत. अकोल्यात शिरल्यावर पहिल्या चौकात पुन्हा तेच.

"क्लच लवकर सोडतेस तू," आजोबा म्हणाले.

"अहो, न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत क्लचचा काय संबंध?"

"संबंध असल्याशिवाय बंद पडेल का?"

आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाशी हा वाद कसा संपणार? मी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. मुलांना एकच सांगत आले, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहा. त्याच रात्री मी वही सुरू केली. तारीख, हवा, गाडी गार की गरम, एसी चालू की बंद, किती वेळाने बंद पडली. दर रविवारी निघण्यापूर्वी मी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढते, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसते, पुन्हा बुडवून पाहते आणि दाबून बसवते. तेही वहीत होतं. ऑइल दर वेळी पुरेसं.

ही वही घेऊन मी आमच्या नेहमीच्या अमरावतीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने वही हातात घेतली आणि पाना ठेवायला तिचा उपयोग केला.

"मॅडम, प्लग गेले."

"चारही एकदम?"

"पुरानी गाडी हाय जी. जाऊन राहते एकदम."

प्लग बदलले. रविवारी गाडी बडनेऱ्याला बंद. मग त्याने थ्रॉटल साफ केलं, एअर फिल्टर बदलला आणि पेट्रोलमध्ये काहीतरी ओतलं, तिन्ही एकाच दुपारी. मी विचारलं, "आता गुण आला तर तो कशाने आला, हे कसं कळणार?" तो म्हणाला, "गुण आला तं झालं नं मॅडम, कायले कळाले पाह्यजे?" गुण आलाच नाही. तिसऱ्यांदा आजोबाही बरोबर आले होते, तेव्हा त्याने स्कॅनर लावला. इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे, एवढं त्यावर दिसलं. ती हवा येते कुठून, हे मात्र स्कॅनर सांगत नव्हता. मेकॅनिकने बॉनेट लावलं आणि आजोबांकडे बघत म्हणाला, "साहेब, राग नका मानू, पन मॅडम क्लच लवकर सोडून राहिल्या असतील."

आजोबांचा चेहरा एखादी केस जिंकल्यासारखा झाला. परतताना त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात तुमच्या बाबांचा फोन आला. आजोबांनी त्याला सगळं आधीच कळवलं होतं. "आई, तू एकाहत्तरची आहेस. मागे ट्रक असतो. गाडी विकून टाकू, ड्रायव्हर ठेवू." मी म्हटलं, इंजिनात दोष आहे, माझ्यात नाही. तो म्हणाला, "मग मेकॅनिकला सापडत का नाही?" पुढच्या रविवारी पुन्हा बंद पडली तर माझी चावी ठेवून द्यायची, असं त्या दोघांनी ठरवलं आणि मला नंतर सांगितलं. तो सगळा आठवडा मी वहीची पानं उलटत होते. इतकं व्यवस्थित लिहूनही हाती काही लागत नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले होते. स्वयंपाकघरात दोन भांडी आपटली, तीही मुद्दाम.

पुढच्या रविवारी गाडी बडनेऱ्याला बंद पडली. मागच्या ट्रकने हॉर्न दाबून धरला. आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. बार्शीटाकळी आणि तेल्हाऱ्याकडच्या जीप, पाण्याचे पंप, ट्रॅक्टर असलं काम तिथे चालतं, रविवारीसुद्धा. असल्या गाडीला त्या मेकॅनिकने कधी हात लावला नसणार, म्हणून मी कधी थांबले नव्हते. त्या दिवशी आजोबांना ताईंच्या दारात सोडलं आणि सरळ तिथे गेले. पन्नाशीचा माणूस होता. ग्रीसचे हात पुसत तो गाडीभोवती फिरला.

"मावशी, हे चालोते कोन?"

"मीच."

"बरं." एवढंच. क्लच हा शब्द त्याने काढला नाही. मी वही पुढे केली. हात काळे म्हणून त्याने मला वाचायला सांगितली आणि मी वाचली. उभी असताना बंद पडते, वेगात नाही. गार असो की गरम, फरक नाही. स्कॅनरवर हवा जास्त. तो ऐकत राहिला. मग त्याने गाडी चालू केली, आत गेला आणि देवापुढची पेटती उदबत्ती घेऊन आला.

"अहो, पेट्रोल आहे तिथे!"

"गळत असतं तं वास आला असता, मावशी. तुमी थोड्या मांगं सरा."

त्याने ती उदबत्ती इंजिनाच्या प्रत्येक जोडाजवळ, प्रत्येक नळीजवळ हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. इथे सरळ, तिथे सरळ. मग ऑइलच्या पट्टीपाशी आल्यावर तो वाकला आणि खाली ओढला गेला, कोणी आतून श्वास ओढून घेतल्यासारखा.

पट्टीच्या पिवळ्या कडीला दसऱ्याला बांधलेली लाल-पिवळी नाडाछडी होती.

ती मीच बांधली होती. गाडी धुतली, कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, आणि इंजिनालाही काही हवं म्हणून बॉनेट उघडलं. धागा बांधायला ती कडी सोयीची वाटली. नंतर दर रविवारी ऑइल तपासून पट्टी बसवताना धाग्याची शेपटी रबरी बुडाखाली अडकत होती. पट्टी केसभर वर राहायची. त्या फटीतून इंजिनाच्या पोटात शिरलेली हवा पुढे पेट्रोलबरोबरच्या हवेत मिसळायची. वेगात तेवढीशी हवा जाणवत नाही, उभ्या गाडीत तिनेच इंजिनाचा दम कोंडतो. एकेक गोष्ट वहीत लिहिणाऱ्या मला, पूजा हाही गाडीत केलेला बदल आहे, हे सुचलंच नव्हतं.

अमरावतीच्या मेकॅनिकने तीनदा ऑइल पाहिलं होतं. तीनही वेळा त्याने पट्टी त्या धाग्यासकट अदबीने काढली आणि अदबीने परत ठेवली. पूजेचा धागा कोण सोडणार?

अकोल्याच्या या माणसानेही सोडला नाही. "तुमी बांधला, तुमीच सोडा," म्हणाला आणि कात्री पुढे केली. मी कापला. त्याने पट्टी पुसून दाबली, ती टक् करून बसली. काटा दोनदा हलला आणि थांबला. इंजिन चालू आहे की नाही, हे पाहायला मला हात ठेवावा लागला.

"आता चांगली आहे ना?" मी दोनदा विचारलं.

"चांगलीच होती, मावशी," तो म्हणाला आणि जीपकडे वळला.

ताईंच्या घरी मी आजोबांना सगळं सांगितलं, धाग्यासकट. माझी चूक होती, पण चालवण्यात नव्हती, हेही सांगितलं. ताई हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मंग तू बायकोले उगाच बोलून राहिला होता का इतके दिवस?" आजोबांनी भाजी वाढून घेतली.

परतताना बडनेऱ्याला सिग्नल लाल होता. मी गाडी न्यूट्रल केली आणि हात मांडीवर ठेवले. आरसा स्थिर, काटा स्थिर. पुरता लाल दिवा संपेपर्यंत आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत होतो. हिरवा लागला, मी गिअर टाकला, गाडी निघाली.

"आज क्लच नीट सोडलास," आजोबा म्हणाले.

चावी माझ्याच पर्समध्ये आहे, आणि त्या दिवशीचं वहीचं पान मी तुमच्या बाबांना फोटो काढून पाठवलं आहे.