नायनांनी सरळ केलेली पानं

माझे वडील आयुष्यात एकदाच माझ्या शाळेत आले आणि अर्ध्या तासात अडतीस मुलांना रडवून मोकळे झाले. (मला हे अकरा वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं!)

आम्ही त्यांना तेलुगू पद्धतीनं नायना म्हणायचो. नायनांनी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात उभ्या आयुष्यात एकच काम केलं. विणून आलेली चादर टेबलावर पसरायची, नक्षी बघायची आणि एक फूल जरी ओळीबाहेर गेलं तरी चादर बाजूला काढायची. कारखाना बंद पडला, पण डोळे कुठं बंद पडतात? मग ते घरी आईच्या चपात्या तपासू लागले.

"ही बघ, डावीकडंच फुगलीय."

"मग उजवीकडनं खावा की!" आई म्हणायची.

मी मात्र निघालो प्राथमिक शाळेतला चित्रकलेचा मास्तर. त्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. "सर, तिसरीचा चित्रकलेचा तास गणिताला द्यावा म्हणते. पोरं नुसती रंग सांडतात." आठवड्यातला तो एकच तास! तो गेला असता तर त्या पोरांच्या वाट्याला फक्त पाढे उरले असते. मी अक्षरशः हातापाया पडलो. "बाई, शनिवारी त्यांचं काम बघा, मग काय ते ठरवा."

मी ठरवलं, उन्हाचे छाप करायचे. सोलापुरात बाकी कशाची टंचाई असो, उन्हाची नाही! ओल्या मांजरपाटावर पातळ रंग फासायचा, त्यावर पानं, बटणं, बांगड्या मांडायच्या आणि कापड उन्हात ठेवायचं. उघडा भाग गडद वाळतो, झाकलेला फिका राहतो, वस्तू उचलल्या की छाप तयार. आणि मांडता मांडता पोरांनी लय शिकायची. "गाण्यातली लय कानाला कळते, ही डोळ्याला कळते," मी म्हणालो. "मोठं पान, छोटं, छोटं, मग मोकळी जागा, परत मोठं. कुणी तिरकं ठेवा, कुणी नागमोडी." मुस्कान नावाच्या चिमुरडीनं तर कडुलिंबाची पानं अशी गोल फिरवली की वाटावं, पोरी फुगडी घालतायत.

शनिवारी सकाळी कापडं मैदानात पसरली. वाऱ्यावर आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून मी (काय ही बुद्धी!) नायनांना घेऊन गेलो होतो.

"नायना, मुलांची खिचडी उरकून येतो. तुम्ही फक्त बघत बसा."

"बघतो की! बघायचंच तर काम केलं जन्मभर."

मला तिथंच कळायला हवं होतं.

परत येतो तर नायना घामाघूम आणि चेहऱ्यावर समाधान. अडतीस कापडं आणि प्रत्येकावर पानं ओळीत, दोन-दोन बोटं अंतर सोडून, कवायतीला उभी!

"नायना, हे काय केलंत?"

"काय बे, सगळं वाकडंतिकडं होतं. मास्तर असून तुझं लक्ष न्हाय? कंबर मोडली माझी, पण एक सोडलं न्हाय बघ."

मुस्काननं पहिला सूर लावला. "सर, माझी फुगडी कुणी मोडली?" तिच्यामागून बाकीचे सदतीस. (त्या हुंदक्यांना मात्र सुरेख लय होती!) नायना गांगरून गेले. आयुष्यात कुणापुढं चूक कबूल न केलेला हा माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "रडू नको गं माय. चुकलं माझं. कसं होतं दाखव, तसं ठेवतो."

मी मात्र तेव्हा घड्याळ बघत होतो. बाई यायला पाऊण तास! कापडं परत भिजवली, रंग फासला, पोरं मांडायला बसली आणि नायना एक जादा कापड घेऊन बसले मुस्कानच्या हाताखाली. तिनंच त्याच्या कोपऱ्यात 'आजोबा' असं नाव घातलं.

"आजोबा, वाकडं ठेवा की!"

"ठेवलं की."

"हे सरळच हाय!"

"अय्यो, हात ऐकत न्हाय गं."

शेवटी तिनं त्यांचं मनगट धरून पान फिरवलं. सत्तरीतला माणूस पहिल्यांदाच वाकडं शिकत होता आणि खदखदून हसत होता. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

उन्हानं लाज राखली. बाई आल्या तेव्हा छाप दोरीवर लटकत होते. बाई दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या. मी घाईघाईनं नायनांची आणि त्यांच्या कारखान्यातल्या नोकरीची ओळख करून दिली. मग त्या नायनांकडं वळल्या. "आजोबा, तुम्ही चादरी तपासायचात ना? तुम्हीच सांगा, कसं झालंय?"

नायनांनी हात पाठीमागं बांधले आणि एकेक कापड बघत निघाले. मुस्कानचं? "पास." पुढचं? "पास." सगळी वाकडी पानं पास! एका कापडापाशी मात्र ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"हे चालणार न्हाय. ह्यात जीवच न्हाय. कुणाचं पोरगं हाय हे?"

बाईंनी कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि तोंडाला पदर लावला. "तुमचंच आहे, आजोबा."

तास वाचला. नायना जाऊन आता चार वर्षं झाली. मी अजून दर उन्हाळ्यात तिसरीच्या पोरांसाठी नमुन्याचं एक कापड करतो, नायनांच्या डोळ्यांनी तपासतो आणि पोरांना दाखवायच्या आधी खिशात कोंबतो. अजून पास व्हायचंय मला!