बेटावरचा तास

सातवीच्या वर्गाला मी एक गोष्ट वाचून दाखवत होते, जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची. शेवट न वाचताच पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता बेटावर तुम्हीच आहात. पुढचं करून दाखवा."

मुलांनी बाकं सरकवली, प्रमुख निवडला, फळ्यावर नियम लिहिले. पाणी सगळ्यांना सारखं. मला भरून आलं. पण दहाच मिनिटांत कुणीतरी पाणी संपत आल्याचं जाहीर केलं आणि प्रमुख म्हणाला, "सुमनला नको. तिला धड चालताही येत नाही. तिचा काय उपयोग?" सगळ्यांनी हात वर केले. सुमन पाय ओढत मागच्या भिंतीशी जाऊन बसली.

मी तिच्याजवळ गेले. "अगं, हे नाटक आहे."

"बाई, डबा खातानाही मी इथेच बसते," ती म्हणाली.

जहाज फुटलं की माणूस रानटी होतो, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. आमच्या वर्गात तर काहीच फुटलं नव्हतं.

घंटा झाली. मुलांनी बाकं जागेवर लावली, फळा पुसला आणि "येतो बाई" म्हणत ती शिस्तीत, ओळीने बाहेर पडली.