गंधारावरचा मासा

सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी सुटली की एक ड्राफ्ट्समन कंपनीच्या गणवेशातच माझ्या टाइपसेटिंगच्या दुकानात येत. कारखान्यात ते यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करत. माझ्याकडे बसून मात्र आपल्या गाण्याच्या बाईंची बंदिशींची वही स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवत. बाई वारल्या होत्या. यांचं बोलणं मोजकंच. "कोमल ‘रे’च्या खालची रेघ पाव मिलिमीटर खाली घ्या," एवढं सांगून पुन्हा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी गुणगुणणं.

एका गंधारावर बाईंनी माशासारखं बारीक चिन्ह काढलं होतं. ते सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, कुठल्या पुस्तकातही सापडेना.

"मींडेची खूण टाकू का?" एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची ती खूण सॉफ्टवेअरमध्ये तयार होती आणि मला छपाईची घाई होती.

"मींड बाई अशी नाही दाखवायच्या."

तीन दिवस खपून त्यांनी तो मासा शेपटीच्या वळणासकट स्क्रीनवर आखला. संगणक बंदिश वाजवताना माशावरून सरळ पुढे जाई. हे मात्र तिथे तळहात उचलून, पाण्याखाली असल्यासारखे श्वास धरून थांबत. तेवढ्यापुरता पंख्याचा आवाजही मला फार लांबून आल्यासारखा वाटे.

शेवटी चिन्हांची यादी केली. प्रत्येकापुढे अर्थ दिला. माशापुढची ओळ त्यांनी रिकामी ठेवायला लावली.

"छपाईची चूक वाटेल हो," मी कुरकुरलो.

"वाटू दे. बाईंच्या एखाद्या विद्यार्थिनीला आठवलं, तर ती पेनानं लिहील."

पुस्तक छापून झालं आणि त्यांचं येणं थांबलं. हस्तलिखितात न लागणारा शब्द आला की पूर्वी मी अंदाजानं भरून टाकायचो. आता तळहात उचलतो आणि थांबतो.