लोअर डंपला थांबलेल्या तीन गाड्या

इन्फन्ट्रीतून सप्लायमध्ये माझी बदली झाली ती गुडघ्यामुळे. उतारावर पाय अडकून लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं आणि मेडिकल बोर्डाने माझी कॅटेगरी खाली आणली. चढाई बंद, पाठीवर वजन बंद. इन्फन्ट्रीत अशा माणसाचं काम नसतं. सप्लायमध्ये असतं.

नायक सुकराम मडावी माझा बडी होता. इन्फन्ट्रीत प्रत्येकाला एक जोडीदार असतो. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं. एकाची बाटली रिकामी झाली की दुसऱ्याचं पाणी अर्धं. सुकराम चिचगडचा, मी केशोरीचा. पलटणीत सगळे हिंदी बोलत. आम्ही दोघं झाडीबोली बोलायचो आणि बाकीचे हसायचे.

मी ट्रंक बांधत होतो तेव्हा तो बराकीच्या दारात उभा होता.

"काऊन बे कापगते, खरंच जाऊन राहिलास?"

"बोर्डानं लिहिलं. मी काय करू?"

"जाय मंग, पोते मोज. पण ध्यान ठेव. सप्लायवाले अख्खा तांदूळ खाते अना आमाले कणी पाठवते. आता आपला माणूस हाये तिथं. कणी आली तं पाहून घेईन तुले."

माझा गुडघा दुखत होता म्हणून ट्रंक त्यानेच गाडीपर्यंत नेली.

दीड वर्षात गुडघा बरा झाला आणि कॅटेगरी पुन्हा वर आली. परत इन्फन्ट्रीत जाण्यासाठी अर्ज करता आला असता. मी केला नाही. सप्लायमध्ये रात्रीची झोप मिळत होती, गरम जेवण मिळत होतं, हवालदारीही तिथेच मिळाली. सुकरामने फोनवर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

पुढे माझी पोस्टिंग डोंगरी भागात झाली. आमच्या गाड्या ज्या पोस्टना रेशन देत, त्यांतल्या एका पोस्टवर माझीच जुनी कंपनी होती. सुकरामही तिथेच होता.

कामाची पद्धत साधी होती. पोस्टपर्यंत गाडी जात नसे. रस्त्यावर माल उतरवायच्या दोन जागा होत्या, अप्पर डंप आणि लोअर डंप. रस्ता चांगला असेल तर गाड्यांनी अप्परपर्यंत जायचं. खराब असेल तर लोअरला माल टाकायचा आणि पोस्टच्या जवानांनी खाली येऊन तो पाठीवर वर न्यायचा. रस्ता चांगला की खराब, हे कॉन्वॉयच्या कमांडरने ठरवायचं. त्याचा शब्द अंतिम.

अप्पर आणि लोअरच्या मध्ये एक नाला होता. गाडीचा रस्ता त्याला लांबून वळसा घालत असे. पायवाट थेट नाल्यातून जात असे. नव्या बर्फात त्या नाल्याच्या वरची बर्फाची कड सुटून खाली कोसळते. सप्लायमधल्या कुणालाही हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. इन्फन्ट्रीत असताना त्याच पोस्टवर मी एक हिवाळा काढला होता आणि तो नाला श्वास रोखून ओलांडला होता.

नोव्हेंबरचा शेवट. तीन गाड्या, तांदूळ, डाळ, केरोसिन. कमांडर मी. सकाळपासून भुरभुर बर्फ पडत होता. तीनच्या सुमारास आम्ही लोअर डंपला पोचलो. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, रस्त्यावर बूट घासून पाहिला आणि म्हणाला, "उस्ताद, चेन लगा लेते हैं. निकल जाएंगे."

चाकांना लावायच्या साखळ्या तिन्ही गाड्यांत होत्या. निघालो असतो तर अप्परला पोचलो असतो. पण परतताना अंधार पडला असता आणि रात्र वर काढावी लागली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी रजा सुरू होत होती. खाली जाणारी गाडी चुकली असती तर पुढची कधी, ते बर्फावर अवलंबून. घरी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं, मुलगी चालायला लागली होती. मी रस्त्याकडे पाहिलं आणि रेडिओ सेट उचलला.

"रोड अनफिट. माल लोअर पर उतार रहा हूँ. पार्टी भेजो. ओव्हर."

थोड्या वेळाने पलीकडून सुकरामचा आवाज आला. सेटवर आमची बोली बोलायला मनाई होती. तो बोललाच.

"काऊन बे, टायरले थंडी वाजून राहिली का? ये ना वर. च्या मांडतो."

"रस्ता खराब आहे."

मग तो म्हणाला, "दुसरा कोणी असता तं शिव्या घातल्या असत्या. तू सांगून राहिलास तं खराबच असंल. येतो आमी खाली. ओव्हर अँड आउट."

नाल्याबद्दल मी काही बोललो नाही. त्याला तो माझ्याइतकाच माहीत होता.

दहा जण निघाले. आम्ही पोती उतरवत होतो तेव्हा आवाज आला. फार मोठा नव्हता. ट्रकमधून रेती ओतावी तसा. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी फावडं घेऊन पळत सुटलो. गुडघा दुखला नाही.

सुटलेल्या कडेखाली दोघे गाडले गेले होते. एकाचा हात बाहेर दिसत होता, त्याला आम्ही जिवंत काढलं. दुसरा सुकराम. तो सगळ्यांच्या पुढे होता. आम्ही त्याला काढलं तेव्हा अंधार पडला होता. त्याच्या खांद्यावर दोरी गुंडाळलेली होती, पोतं बांधायची.

चौकशी नंतर झाली. माझ्यावर ठपका आला नाही. बर्फ पडत होता, कमांडरने रस्ता अनफिट ठरवला, निर्णय त्याच्या अधिकारातला. ड्रायव्हरला साखळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पार्थिवासोबत जायला जिल्ह्याचा माणूस हवा होता. मला पाठवलं. रजेवर ज्या दिवशी मी जिल्ह्यात पोचलो असतो, त्याच दिवशी पोचलो. नागपूरहून देवरी, देवरीहून चिचगड. सगळा गाव रस्त्यावर उभा होता. सुकरामच्या म्हाताऱ्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तू होतास ना तिथं. बरं झालं. एकटा नव्हता तो."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, केशोरीत शेती करतो. सव्वीस जानेवारीला शाळेत मला बोलावतात. मी सुकरामबद्दल बोलतो. बर्फ सांगतो, नाला सांगतो, दोरी सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. साखळ्या मी कधी सांगितल्या नाहीत.

दरवर्षी एकदा चिचगडला जातो. या वर्षी मे महिन्यात गेलो. सुकरामची बायको, फुलवंता वहिनी, अंगणात तेंदूपत्त्याचे पुडके बांधत बसली होती. पाणी दिलं आणि हात न थांबवता म्हणाली, "बरं झालं आले, भाऊजी. पोट्टा भरतीचा फॉर्म भरून रायला. जीडी भरू का स्टोअरकीपर, म्हणते. जीडी म्हंजे याच्या बापासारखं, बंदूक घेऊन. मी म्हटलं, स्टोअर भर. थो म्हणते, भित्र्याचं काम हाये. तुमी दोन्हीकडं राहिले. तुमीच सांगा, कोठं जीव वाचते?"

इतकी वर्षं मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी रस्ता खराब नव्हता."

मग सगळं सांगितलं. साखळ्या, रजा, सेटवरचं बोलणं. तिचे हात थांबले.

"त्यायनं विचारलं नाई, रस्ता खरंच खराब हाये का म्हणून?"

"नाही."

"तुमी सांगितलं म्हणून उतरले."

"हो."

तिने हातातला पुडका बांधून पूर्ण केला. ढिगावर ठेवला. दुसरा घेतला.

"भाऊजी, तुमी दरसाली येता. माह्या सासऱ्यानं मरेपर्यंत तुमचं नाव घेतलं. मले सांगून मोकरे नका होऊ. पोट्टा देवरीले गेला, येते सांजच्याले. त्याले सांगा. मंग काय भरायचं थे भरंल."

माझी बस पाचची होती. दरवर्षी मी त्याच बसने परततो. ती गेली. मी अंगणात बसून राहिलो. वहिनी पुडके बांधत राहिली. दिवस मावळताना तिने माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं, ते मला खाववलं नाही.

मुलगा आला. बापासारखाच उंच आहे. मी उभा राहून सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. शेवटी त्याने एकच विचारलं.

"चेन होती गाडीत?"

"होती. तिन्ही गाड्यांत."

तो आत गेला. नंतर कळलं, त्याने जीडी भरला. मला विचारलं नाही.

चिचगडच्या रस्त्याला सुकरामच्या नावाचा दगड आहे. त्यावर लिहिलंय की कर्तव्यावर असताना त्याला वीरमरण आलं. ते खरं आहे. येत्या सव्वीस जानेवारीला शाळेने बोलावलं तर त्याच्यापुढचंही सांगेन. कदाचित त्यानंतर बोलावणार नाहीत.

नायक सुकराम मडावी, राहणार चिचगड. माझ्या शब्दावर खाली उतरला, सगळ्यांच्या पुढे.